काळी चार आणि बारा व्होल्ट

डॉ. शशिधर उकिडवे यांना गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, ही गोष्ट साउथहॅम्प्टनच्या मराठी मंडळींत कुणालाच नवी नव्हती. लग्न ठरतानाच मध्यस्थाने अलकाताईंच्या वडिलांना बजावलं होतं, "मुलगा डॉक्टर आहे, विलायतेला निघालाय, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. फक्त गाण्याच्या बाबतीत औरंगजेब आहे, तेवढं मुलीच्या कानावर घाला." मुलीच्या कानावर घातलं गेलं. मुलगी मिरजेची, गंडा बांधून गाणं शिकलेली. तिने विचार केला, गाणाऱ्याच्या घरात निदान एकाने तरी गप्प बसायला हवंच, आणि हो म्हणाली.

संसार झाला. रोज सकाळी अलकाताई फ्रंट रूममध्ये रियाजाला बसत आणि डॉक्टर किचनचं दार लोटून टोस्टला लसणीची चटणी फासत बसत. रियाज आटोपला की त्या दारात येऊन विचारत, "काय हो, लागला का सूर?" डॉक्टर म्हणत, "छान चाललंय." आता सूर लागतो, चालते ती गाडी. पण हा प्रश्न आणि हे उत्तर तीसेक वर्षं एकाच घरात सुखाने नांदले, त्यावर आपण कोण बोलणार?

डॉक्टर भूल देणारे. हॉस्पिटलात 'उकिडवे' कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून ते 'डॉक्टर यू' झाले आणि त्यांनी ते निमूट होऊ दिलं. कामात माणूस पक्का. हाताखाली नवे डॉक्टर आले की त्यांना पहिल्या दिवशी ऑक्सिजनच्या सिलिंडरपाशी उभं करून सांगत, "आत एवढा दाब आहे की थेट सोडलात तर रोग्याच्या छातीचा फुगा होईल. म्हणून मध्ये हा रेग्युलेटर. सिलिंडर भरलेला असो की संपत आलेला, रोगी कमी ओढो की जास्त, याने पलीकडचा दाब ढळू द्यायचा नाही. याला नोकरीवर ठेवलाय तो एवढ्यासाठी." हे भाषण ऐकून दोन पिढ्यांचे डॉक्टर तयार झाले. वक्त्याने ते स्वतः कितपत ऐकलं होतं, ते पुढे दिसेलच.

२००४ साली डॉक्टर निवृत्त झाले, आणि दुसऱ्याच दिवशी अलकाताईंनी त्यांच्या हातात केर ओढणारा हूवर दिला.

आता अडॅप्टरचं सांगायला हवं. या घरात हा एक शब्द दोन वस्तूंना वापरत. एक म्हणजे पुण्याहून आणलेली गोल पिनांची वस्तू इथल्या चौकोनी भोकांत बसवणारा पांढरा ठोकळा. तो बिचारा काही करत नाही, नुसता आकार बदलतो. तिकडेही दोनशेतीस व्होल्ट, इकडेही तेवढेच. दुसरा म्हणजे वायरीच्या टोकाला लोंबणारा काळा ठोकळा. हा मात्र कामाचा गडी. भिंतीतली वीज खाली उतरवतो, तिची उलटसुलट धाव थांबवून तिला एका दिशेला लावतो आणि मशीनला झेपेल एवढ्या व्होल्टांवर हातात देतो. नाव एक, पण एकाचं काम दुसऱ्याला सांगण्यात अर्थ नाही. डॉक्टरांच्या डोक्यात विलायतेत पाय ठेवल्यापासून पहिलाच ठाण मांडून बसला होता, आणि त्याने शिकवलेला नियम सोपा होता: पिन बसली म्हणजे झालं.

जिन्याखालच्या कपाटात एक मोठा बिस्किटांचा डबा होता. त्यात असे काळे ठोकळे गळ्यात गळे घालून पडलेले असत. बंद पडलेल्या फोनचे, हरवलेल्या कॅमेऱ्याचे, वारलेल्या रेडिओचे. कुणी पुण्याला परत निघालं की जाता जाता उकिडव्यांकडे एक पिशवी ठेवून जाई. "डॉक्टरकाका, टाकवत नाही हो. लागेल कधीतरी." मराठी माणसाला कचऱ्याचा बिन दिसतो, पण हात तिकडे वळत नाही. डॉक्टरांचाही वळत नसे.

अलकाताईंचा खरा तंबोरा मिरजेचा होता. दोन हिवाळे त्याने सेंट्रल हीटिंग सोसलं, तिसऱ्या हिवाळ्यात त्याचा भोपळा तडकला. मग पुण्याहून तंबोऱ्याचं मशीन आलं, ट्रान्झिस्टरएवढं, जुन्या धाटणीचं. त्याला दोन बटणं: एक स्वराचं, एक आवाजाचं. स्वराच्या बटणावर अलकाताईंनी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. ठिपक्यावर बटण आणलं की काळी चार. हाच त्यांचा षड्ज. पेटीच्या पट्टीवर बोट ठेवून खात्री करून घ्यावी असं त्यांना कधी वाटलं नाही, कारण गुरुजींचं एक वाक्य मिरजेहून त्यांच्याबरोबर आलं होतं: "तंबोरा चुकत नाही. चुकतो तो आपण."

२००६ च्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला डॉक्टर फ्रंट रूममध्ये हूवर फिरवत होते. हूवरच्या ब्रशने मशीनच्या अडॅप्टरची वायर धरली, गिळली आणि ठोकळ्यापासून उपटली. अलकाताई मंडईत, म्हणजे भारतीय वाण्याकडे, गेल्या होत्या. डॉक्टरांनी डबा काढला. चार पिना लावून पाहिल्या, पाचवी टचकन बसली. ठोकळ्यावर बारा व्होल्ट लिहिलं होतं, मशीनच्या पाठीवरही बारा. खाली बारीक अक्षरांत आणखी काहीबाही होतं, पण चष्मा कपाळावर होता. मशीनचा लाल दिवा लागला, तंबोरा वाजू लागला. "चालतंय की," डॉक्टर म्हणाले. तुटलेला अडॅप्टर त्यांनी डब्यात ठेवला, टाकवला नाही म्हणून. आणि ही गोष्ट ते विसरून गेले. लपवली नाही हो, खरंच विसरले. निवृत्त माणसाच्या आठवड्यात विसरण्यासारखं पुष्कळ असतं.

त्याच उन्हाळ्यात अलकाताईंना एक निमंत्रण आलं. लंडनमधल्या हॅरोच्या मराठी मंडळाने दिवाळीच्या कार्यक्रमात त्यांची मैफल ठेवली. इतकी वर्षं त्या हॅरोला जात आल्या होत्या, पण शेवटच्या एका भजनापुरत्या, जेव्हा निम्मा हॉल कोट चढवून बिर्याणीच्या रांगेत गेलेला असे. या खेपेला अख्खी संध्याकाळ त्यांची. पेटीला मोहन खांबेटे. मोहन बंदरावर कंटेनरचं प्लॅनिंग करायचा आणि पेटी मन लावून वाजवायचा. अलकाताई फोन ठेवून किचनमध्ये आल्या आणि उगीचच गॅस पुसू लागल्या. इतका आनंद त्यांना लपवता येत नव्हता.

रियाज वाढला, आणि काहीतरी बिनसलं. अलकाताई षड्ज लावत, तो लागे. मग रस्त्यावरची बस, शेजाऱ्यांचा लॉनमोअर, म्हणून मशीनचा आवाज जरा मोठा करत, तर आपण तंबोऱ्याच्या वर गेलोय असं कानाला लागे. त्या स्वतःला खाली ओढत. "चढतेय मी," त्या पुटपुटत. कित्येक आठवडे त्यांनी स्वतःला असं रोज खाली ओढलं. मग मोहनकडे तालमी सुरू झाल्या. तिथे मशीन नव्हतं, मोहनची पेटी होती. काळी चारवर मोहन सूर धरून बसे आणि अलकाताई चार ओळींत घसरत घसरत अर्ध्या स्वराने खाली, पांढरी पाचवर येऊन थांबत. पहिल्या तालमीला मोहन म्हणाला, "काकू, आज घसा जरा बसलाय का?" दुसऱ्या तालमीला त्याने नुसता पाण्याचा पेला पुढे केला, आणि ते जास्त लागलं.

"घरी चढते, मोहनकडे उतरते," अलकाताई कारमध्ये म्हणाल्या. "हे काय होतंय मला?"

"वय झालं की थोडंफार चालायचंच," डॉक्टर म्हणाले. इंडिकेटर देताना माणूस जे सुचेल ते बोलतो. 

पण डॉक्टर घाबरले होते.  त्यांच्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी आरतीची कडवी मागेपुढे झाली, मग भाज्यांची नावं, मग मुलांची. आज सूर गेला, उद्या काय जाईल, हे भूल देणाऱ्या डॉक्टरला कुणी शिकवावं लागत नाही. त्यांनी ओळखीत अलकाताईंचे कान तपासून घेतले. तपासणाऱ्या बाईने आलेख दाखवला आणि या वयाला असे कान भाग्याने मिळतात म्हणाली.

"म्हणजे कान ठीक आहेत," अलकाताई म्हणाल्या. "मीच बिघडले."

त्यांनी मोहनला फोन करून सांगितलं, हॅरोला वैभवी गाईल. वैभवी त्यांची मोठी शिष्या, पुण्याची, सॉफ्टवेअरमधली, गळ्याने गोड. लहान मुलांच्या क्लासला त्यांनी सुट्टी दिली आणि पुन्हा कधी भरेल ते सांगितलं नाही. मशीनवर खोळ चढली. सकाळी फ्रंट रूममध्ये आता टीव्हीवर घरांच्या किमती सांगत. किचनचं दार लोटायची गरज उरली नाही, तर डॉक्टरांना टोस्ट गोड लागेना. ते दार लोटून बसून पाहत, मग उघडत. इतक्या वर्षांत आपण त्या दाराआड काय ऐकत होतो, ते त्यांना आता कळू लागलं.

एका रविवारी दुपारी वैभवी मशीन न्यायला आली. अलकाताईंनीच बोलावलं होतं. "तुझ्याकडे राहू दे, इथे धूळ खाईल." डॉक्टर चहाचा ट्रे घेऊन आले, तेव्हा दोघी गालिच्यावर बसून मशीन लावून पाहत होत्या.

"हे स्वराचं. ठिपका सोडून हलवायचं नाही. हे आवाजाचं," अलकाताईंनी बटण फिरवलं.

वैभवीने मान तिरकी केली. "काकू, आवाज वाढवल्यावर स्वर थोडा खाली आला का?"

"मलाही वाटलं," अलकाताई म्हणाल्या. "पण माझ्या वाटण्याला आता काय अर्थ आहे, बाई?"

डॉक्टरांना स्वर खाली आलेला कळला नाही. वर गेला असता तरी कळला नसता. पण उभी हयात त्यांनी बारीक दिवे बघण्यात घालवली होती, आणि त्यांनी एक पाहिलं. आवाज वाढला तसा मशीनचा लाल दिवा मंद झाला. अलकाताईंनी आवाज कमी केला, दिवा उजळला. टेबलावरच्या रोग्याचं असं झालं असतं तर एव्हाना त्यांनी सर्जनचा हात धरला असता.

"पुन्हा वाढव," ते म्हणाले. दिवा पुन्हा मंद झाला. ते सॉकेटपाशी वाकले आणि काळ्या ठोकळ्याला हात लावला. चटका बसला. तो ठोकळा भाकरीच्या तव्यासारखा तापला होता. त्यांनी तो उपटला, वायर सोडवून घेतली आणि जिन्याखालच्या कपाटात शिरले.

कपाटात दिवा होता. या वेळी चष्मा डोळ्यांवर होता. तुटलेल्या जुन्या अडॅप्टरवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं: बारा व्होल्ट, एक अँपिअर, रेग्युलेटेड. हातातल्या गरम ठोकळ्यावर: बारा व्होल्ट, तीनशे मिलिअँपिअर. म्हणजे एक तृतीयांशसुद्धा नाही. आणि रेग्युलेटेड हा शब्दच नाही. डॉक्टर उकिडवे नावाप्रमाणे उकिडवे बसले. व्होल्ट म्हणजे दाब, अँपिअर म्हणजे प्रवाह. हलक्या आवाजात मशीन थोडंच ओढतं, तेवढं या ठोकळ्याला जमे. आवाज वाढवला की मशीन जास्त मागे, आणि याच्यात सांभाळणारा रेग्युलेटर नसल्याने दाब पडे. दाब पडला की जुन्या मशीनचा स्वरही त्याच्याबरोबर खाली. काळी चारची पांढरी पाच. आणि घरी रोज तिथवर उतरायची सवय लागलेला गळा मोहनच्या पेटीवरही तिथेच येऊन थांबे. सिलिंडरपाशी उभं राहून हेच तर ते वर्षानुवर्षं सांगत आले होते. रेग्युलेटरशिवाय रोगी लावला होता त्यांनी, तोसुद्धा घरचा.

मनात एक विचार येऊन गेला. येणारच. वैभवीला म्हणावं, मशीन पुढच्या रविवारी ने. गुपचूप योग्य अडॅप्टर लावावा. अलकाचा सूर आपोआप परत येईल, ती देवाची कृपा म्हणेल. देवाला काय, असलं श्रेय नेहमीच मिळतं. पण मग सूर पुन्हा जाईल ही धास्तीही तिला कायमची राहील, हेही त्यांना त्याच क्षणी दिसलं. आणि त्या आलेखाच्या खोलीतला तिचा चेहरा दिसला. ते उठले, डोकं जिन्याला आपटलं, आणि डबा घेऊन बाहेर आले.

"तू बिघडली नाहीस," ते म्हणाले. "तंबोरा उतरत होता."

"तंबोरा चुकत नाही," अलकाताई म्हणाल्या.

"नाही चुकला. त्याला उपाशी ठेवला होता. मी."

मग त्यांनी हूवरपासून सगळं सांगितलं. वैभवीने चहाचा कप तोंडाला लावला आणि सांगून होईपर्यंत खाली आणला नाही. डॉक्टरांनी डबा गालिच्यावर उपडा केला, बारीक अक्षरं वाचत वाचत एक ठोकळा निवडला. कुणाच्या तरी ब्रॉडबँडच्या डब्याचा होता: बारा व्होल्ट, दीड अँपिअर, रेग्युलेटेड. पिनेच्या अधिक-उण्याची खूणसुद्धा त्यांनी मशीनच्या पाठीशी ताडून पाहिली.

"दीड? एकाच्या जागी दीड?" अलकाताईंनी मशीन जवळ ओढलं. "आता जाळून टाकणार का?"

"व्होल्ट जुळायलाच हवेत. अँपिअर जास्त चालतात. पंगतीत वाढप्याच्या हातात मोठं पातेलं आहे म्हणून पानावरचा माणूस जास्त जेवत नाही, त्याला हवं तेवढंच घेतो. पातेलं लहान असलं तर मात्र पंगत अर्ध्यात उठते."

"इतकं कळत होतं," अलकाताई म्हणाल्या, "तर चष्मा खाली घ्यायला काय झालं होतं?"

डॉक्टरांनी ठोकळा सॉकेटमध्ये खोचला. पिन बसली. दिवा लागला. वैभवीने आवाजाचं बटण हळूहळू शेवटपर्यंत नेलं. खिडकीच्या काचा वाजू लागल्या, दिवा जसाच्या तसा राहिला. अलकाताईंनी डोळे मिटले. डॉक्टर बायकोच्या तोंडाकडे बघत होते, कारण त्यांना दुसरं काही वाचता येत नव्हतं. अलकाताईंनी षड्ज लावला. लावला आणि धरून ठेवला, श्वास संपेपर्यंत, आणि कुणीही कुणाला खाली ओढलं नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. वैभवी म्हणाली, "काकू, अगदी काळी चार."

मग अलकाताईंनी डोळे पुसले आणि भडकल्या. डॉक्टर तयारच होते, पण तोफ त्यांच्याकडे वळायला वेळ लागला.

"माझा सूर बरोबर होता," त्या म्हणाल्या. "रोज बरोबर होता. आणि या डबड्याचं ऐकून मी रोज त्याला खोटं ठरवलं! उभा जन्म गाण्यात घालवला, आणि स्वतःच्या गळ्यावर एवढा विश्वास नाही?" मग त्या वळल्या. "आणि तुम्ही! मी रोज दारात येऊन विचारत होते, लागला का सूर. तुम्ही काय म्हणायचात?"

"छान चाललंय," डॉक्टर म्हणाले.

"चाललंय!" अलकाताई म्हणाल्या. "मोहनला फोन लावा. तुम्हीच लावा. मग हॅरोला लावा. कोण गाणार ते सांगा आणि का ते पण सांगा. एक शब्द गाळायचा नाही."

"पण वैभवीचं..."

"काका, मी मागे तंबोरा धरून बसते," वैभवी म्हणाली. "म्हणजे मशीन. तुम्ही फोन लावा."

डॉक्टरांनी फोन लावले. मोहन म्हणाला, "म्हणजे माझी पेटी बरोबर होती. मी ती दोनदा उघडून बघितली हो." हॅरोच्या सेक्रेटरींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत हॅरोवरून जाणाऱ्या मेट्रोपोलिटन रेल्वेलाइनच्या दोन्ही टोकांना पोचवलं.

दिवाळीच्या शनिवारी हॅरोच्या हॉलच्या दारातच मंडळींनी डॉक्टरांना गाठलं. कुणी कॅमेऱ्याचा चार्जर पुढे केला, कुणी विचारलं लॅपटॉपचा ठोकळा एवढा तापतो तो कशाने, कुणाला शंका होती की रात्रभर लावून ठेवला तर फोनमध्ये वीज जास्त होते का. डॉक्टर म्हणाले, बॅटरी भरत आली की फोन आपणच कमी कमी घेतो, पोट भरलेला माणूस पानावर हात आडवा धरतो तसं. प्रत्येकाला त्यांनी आधी बारीक अक्षरं वाचायला लावली. एरवी अशा कार्यक्रमात ते गाणं सुरू झालं की बिर्याणीची व्यवस्था बघायला जात. आजही ते त्या दिशेने निघाले होते.

"कुठे निघालात?" अलकाताईंनी स्टेजवरून विचारलं. नऊवारी, नाकात नथ, मांडीवर स्वरमंडल. "इकडे या. इथे बसा."

स्टेजच्या कडेला एक्स्टेन्शनची पट्टी होती. तिच्यात मशीनचा काळा ठोकळा लावलेला. अलकाताईंनी बोट दाखवलं. "तो हातात धरून बसा. गरम झाला तर सांगा. शेवटपर्यंत उठायचं नाही."

डॉक्टर मांडी घालून बसले. ठोकळा तळहातावर घेतला. वैभवीने मशीन लावलं, मोहनने पेटीवर काळी चार धरली. कोट चढवून कुणी उठलं नाही. हॉल गप्प झाला, कुठेतरी एक खुर्ची कुरकुरली आणि थांबली. अलकाताईंनी एकदा हलकेच षड्ज लावून पाहिला, सोडला, आणि माइकवरून तोंड बाजूला करून कडेला वाकल्या.

"काय हो," त्यांनी विचारलं, "लागला का?"

'छान चाललंय' जिभेच्या टोकावर आलं होतं. डॉक्टरांनी ते गिळलं. तळहात मिटून ठोकळा नीट चाचपला, रोग्याची नाडी बघावी तेवढा वेळ घेऊन.

"गार आहे," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत गाण्यावर नवऱ्याने दिलेलं हे पहिलं खरं मत. अलकाताईंनी मान डोलावली, डोळे मिटले आणि गायला लागल्या. डॉक्टर शेवटपर्यंत उठले नाहीत.